केसपेपरवरचा एक रकाना



आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि इस्पितळांच्या व्हरांड्यात झाले. कामगार संघटनेच्या माणसाला दोन ठिकाणी फार बसावे लागते, एक कामगार न्यायालयाबाहेर आणि दुसरे छातीच्या वॉर्डात. आज या दुसऱ्या जागेविषयी बोलायचे आहे.

आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. सोमवारी पाळीवरून आले की त्यांची छाती आवळून येई, शनिवारपर्यंत बरे वाटे. घरचे म्हणत, रविवारच्या आरामाने अंग सुस्तावते. म्हणजे दोष आरामाचा! 1982 च्या संपानंतर ते गावी परतले, खोकला बरोबरच आला. पुढे वाचनात आले, की कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची हीच चाल असते. आधी तो सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती धरतो, वर्षे लोटली की रोजच धरतो.

सिलिकोसिस असा वारही सांगत नाही. दगड फोडताना, ओतकामाची वाळू झाडताना सिलिकाचे कण उडतात. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहून बारीक कण नाक चुकवून फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊ शकतात. तिथल्या रक्षक पेशी त्यांना गिळतात आणि स्वतः मरतात. त्या जागी व्रण पडत पडत फुप्फुस कडक होते. काम सोडले तरी रोग वाढू शकतो. पूर्ववत करणारे औषध आजही नाही. आणि रक्षकच निकामी झाल्यावर क्षयाच्या जंतूंना रान मोकळे मिळते.

घोटाळा इथेच होतो. आमच्या एका फौंड्रीतल्या सभासदाला क्षयाची औषधे दोनदा दिली गेली. बेडक्यात जंतू सापडले नव्हते, एक्स-रेवर डाग होते एवढेच. केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात शब्द होता 'मजुरी'. अहो, केळीचे घड वाहणे हीही मजुरी, आणि ओतीव लोखंडाला चिकटलेली वाळू घासून काढणे, ज्याला आम्ही फेटलिंग म्हणतो, तीही मजुरीच!

तिसऱ्यांदा तो दाखल झाला तेव्हा पाय सुजले होते. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावले, की कडक फुप्फुसातून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते, मग पाणी पायांत उतरते. आठवड्याने खोकता खोकता फुप्फुसाला छिद्र पडले आणि हवा छातीत साठली. बरगड्यांमधून नळी घातली, खाटेखाली पाण्याची बाटली बुडबुडू लागली. त्यानंतर एका रात्री त्याची धाप पाहवेना, म्हणून आम्ही उठलो आणि ऑक्सिजनची चावी वाढवली. तासाभरात माणूस गुंगीत. सिस्टर धावत आल्या, चावी खाली केली, डॉक्टरांना बोलावले. जुनाट फुप्फुसरोगात काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आधीच साचलेला असतो. बेसुमार ऑक्सिजनने तो आणखी साचतो आणि शुद्ध हरपते. मालकांपुढे आवाज चढवणारे आम्ही, त्या रात्री सिस्टरपुढे मान वर करू शकलो नाही. तो त्या रात्रीतून वाचला. पुढचा पावसाळा मात्र त्याने पाहिला नाही.

इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एक घातला, तुझा धंदा काय? आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसचा रोगी आढळल्यास सरकारी निरीक्षकाला कळवण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले. पण धंदा विचारलाच नाही तर कळवणार काय? आणि भरपाई मागायला पुरावा कुठून आणायचा?

तेव्हा आपल्या माणसाला इस्पितळात नेताना त्या रकान्यात नुसते 'मजुरी' लिहू देऊ नका. कोणते काम, कशाची धूळ, किती वर्षे, हे सांगा. म्हातारा घरी बसून दहा वर्षे झाली असतील तरी जुने काम सांगा.

आमच्या सभासदाच्या कागदावर त्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी स्वतःच्या हाताने लिहिले, 'फेटलिंग, 19 वर्षे'. त्याच्या पत्नीच्या भरपाईच्या अर्जाला तो कागद जोडला आहे. येत्या मंगळवारी तारीख आहे.