हजेरीपटावरील नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली संसारी बाई. मोठे भाषण मला जमत नाही. पण रोजगार हमीच्या कामाविषयी दोन शब्द बोलते, कारण त्या पैशाने आपल्या किन्हीराजात कित्येकींची चूल पेटली आहे.

श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर सुरू झाली. 1977 साली तिचा कायदा झाला व तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. खेड्यातील जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते द्यायचे, असे त्यात होते. माणूस म्हणजे बाईसुद्धा! शेतात बाईची मजुरी कमी, पुरुषाची जास्त, हे आपण जन्मभर पाहतो. येथे मातीचे माप होई आणि मापावर पैसे मिळत.

माझ्या सासूबाई या कामावर जात. त्या म्हणत, "घरात मी अमक्याची बायको, तमक्याची माय. कामावर मात्र माझे नाव पुकारत, आणि मी हजर म्हणे."

पुढे 2005 साली दिल्लीचा कायदा आला. तीन मजुरांत निदान एक बाई असावी, कामावर पाच लहान लेकरे असली तर त्यांना सांभाळायला एक बाई ठेवावी, ही त्यातील चांगली कलमे. परंतु शंभर दिवसांची हमी कुटुंबाला मिळाली, एकेका माणसाला नव्हे. कार्डही कुटुंबाचेच. शंभराच्या पुढचा भार आपल्या राज्याने उचलला, हे खरे. तरी नवऱ्याने टाकलेली लेक भावाच्या घरी राहते, तिने कोणाच्या कार्डावर काम मागावे? मजुरी बँकेत जमा झाली, तर पासबुक कोणाच्या पेटीत राहावे?

भगिनींनो, पहाटे भाकरी थापून आपण कामावर जातो, परत येऊन पाणी भरतो. तरी कोणी विचारले तर "मी घरीच असते" म्हणतो. हे सोडू या.

योजनांची नावे बदलत असतात. आपले नाव आपण जपावे. कामावर जाणाऱ्या प्रत्येकीने स्वतःचे खाते काढावे, पासबुक स्वतःजवळ ठेवावे आणि सही शिकावी. एकट्या पडलेल्या बहिणीचा अर्ज लिहायला मंडळाने तिच्याजवळ बसावे. वर्धापनदिनाचा एवढा संकल्प आपण केला तरी पुष्कळ झाले.