पहिल्या चुकीवर थांबायचं, की सगळ्या चुका सांगायच्या?

आजचा विषय कोडचा आहे, पण सुरुवात बावड्यातून करतो.

मध्यंतरी आमच्या चुलतीचा एका योजनेचा अर्ज परत आला. कारण काय, तर बँक खातं आधारला जोडलेलं नाही. खुरपणीचा रोज बुडवून ती बँकेत गेली, खातं जोडून आली, पुन्हा अर्ज भरला. तोही परत! आता कारण वेगळं, आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव जुळत नाही. आता ही चूक पहिल्या दिवशीपण होतीच ना? चुलती म्हणाली, "आरं, दोन्ही एकदमच सांगितलं असतं तर माझा एक खाडा वाचला असता की."

मी गप्प बसलो. कारण कामावर मी लिहिलेलं रूल्स इंजिन असंच वागत होतं. पहिला नियम फेल झाला की रिटर्न फॉल्स. विषय संपला.

रूल्स इंजिन म्हणजे काय? पात्रतेचे नियम कोडमध्ये इफ-एल्स करून कोंबायचे नाहीत, बाहेर तक्त्यात ठेवायचे. इंजिन ते नियम समोरच्या माहितीला लावून बघतं आणि निकाल देतं.

उदाहरणाला लाडकी बहीण योजना घेऊ, कारण तिचे नियम घराघरात माहीत आहेत. शासन निर्णय २८ जून २०२४ चा. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, घरात आयकर भरणारं कुणी नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, बाईच्या स्वतःच्या नावाचं आधार जोडलेलं खातं हवं, शिवाय वयाची अट. हे नियम आपण आपल्या इंजिनात टाकले असं समजा. आता दोन गोष्टी ठरवायच्या.

पहिली गोष्ट, तपासायचं किती? निर्णयाच्या तक्त्यांसाठी डीएमएन नावाचं स्टँडर्ड आहे. त्यात याला हिट पॉलिसी म्हणतात. 'फर्स्ट' म्हणजे वरून खाली जायचं, पहिली लागू पडलेली ओळ घ्यायची आणि थांबायचं. 'कलेक्ट' म्हणजे लागू पडतील त्या सगळ्या ओळी गोळा करायच्या. 'फर्स्ट' वाईट नाही. एखादी तपासणी बाहेरच्या सर्व्हिसकडून होते आणि दर कॉलला पैसे लागतात, तिथं लवकर थांबलेलं बरं. पण निकाल वाचून माणसाला काहीतरी दुरुस्त करायचं असेल, तर 'कलेक्ट'च पाहिजे. मी आता मधला रस्ता काढलाय. फुकटात होणाऱ्या तपासण्या सगळ्या एकदम करायच्या, कारणं गोळा करायची. त्यात पास झालं तरच महागडी तपासणी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. परत काय द्यायचं? नुसतं हो-नाही पुरत नाही. बघा, त्याच योजनेत असंही आहे की दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना दीड हजारांपेक्षा कमी मिळत असेल, तर फक्त फरकाची रक्कम मिळते. पीएम किसानचे वर्षाला ६००० आणि नमो शेतकरीचे ६०००, म्हणजे महिना १००० झाले. मग इथून ५००. आता इंजिननं नुसतं 'ट्रू' दिलं, तर हे ५०० येणार कुठून? उत्तरात रक्कम पाहिजे.

मग तिसरं उत्तर, 'माहिती अपुरी'. उत्पन्नाचा दाखला जोडला नाही म्हणजे उत्पन्न जास्त आहे असं होत नाही. शिवाय पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखल्याची गरजच नाही. रिकाम्या रकान्याला सरळ 'फॉल्स' धरणारं इंजिन पात्र बाईला घरी पाठवतं, आणि लॉगमध्ये सगळं ओके दिसतं.

आणि नियमाची तारीख. जूनच्या निर्णयात वयाची वरची मर्यादा ६० होती. जुलैच्या सुरुवातीलाच ती ६५ झाली, पाच एकर जमिनीची अटही निघाली. म्हणजे ६२ वर्षांची बाई जूनच्या नियमानं अपात्र, जुलैच्या नियमानं पात्र. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर! पण कोणता नियम लावला हे निकालासोबत साठवलं नसेल, तर सहा महिन्यांनी कुणी विचारलं की आपण डोकं खाजवत बसणार.

म्हणून माझ्या इंजिनच्या उत्तरात आता पाच गोष्टी असतात: निकाल, रक्कम, सगळी कारणं, कोणती माहिती धरून तपासलं ते, आणि नियमाची आवृत्ती. कारण साध्या मराठीत आणि पुढं काय करायचं त्यासकट. 'एरर ४०२' वाचून कुणी बँकेत जाऊ शकत नाही. अपवाद एकच, फसवणूक पकडायचे नियम. तिथं सगळी कारणं आत लॉगमध्ये ठेवा, बाहेर दाखवू नका. नाहीतर चोराला आपणच वाट दाखवल्यासारखं होईल.

हे सगळं करायला मला दोन दिवस जास्त लागले. मॅनेजर म्हणाले, "निकाल तर तोच येतोय ना?" येतोय की. पण आमचा एक रिटर्न फॉल्स म्हणजे गावाकडं कुणाचातरी एक खाडा असतो.

तुमच्या कोडमध्ये आज एकदा शोधा, पहिल्या चुकीवर कुठं कुठं थांबताय ते. भेटू पुढच्या भागात.