बोळक्या तोंडाचा हिशेब



आजचा विषय फलकावर वाचून पुष्कळांना हसू आले असेल. कवळी ही आपल्याकडे थट्टेची वस्तू. नाटकात म्हातारा शिंकतो, कवळी उडते आणि प्रेक्षागृह हसते. आम्हीही हसत होतो. आमच्या आत्याबाईंच्या पानावरची भाकरी दुधात भिजू लागेपर्यंत. त्यांनी बाजारातल्या एका स्वस्त कारागिराकडून कवळी करवून घेतली होती. ती हिरडीला टोचे. मग ती डबीत गेली आणि डबी फडताळात. पुढे आत्याबाईंनी लग्नकार्याला जाणेच सोडले. चारचौघांत तोंड उघडायची त्यांना लाज वाटे. त्या कवळीचे पैसे थोडे पडले हे खरे, परंतु ती स्वस्त पडली असे कोण म्हणेल?

हाच प्रश्न सरकारच्या पातळीवर नेऊन पाहू. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. औषध, चष्मा आणि कवळी, सारे मोफत. दंतवैद्यांच्या दारी रांगा लागल्या. ही काय फुकट्यांची गर्दी होती? मुळीच नाही. वर्षानुवर्षे पैशाअभावी हिरड्यांनी चावत आलेली माणसे प्रथमच दार ठोठावीत होती. साठलेले दुःख बाहेर पडले की खर्च अंदाजापलीकडे जातो. तसा तो गेला.

१९५१ च्या एप्रिलमध्ये अर्थमंत्री गेट्स्केल यांनी कवळी आणि चष्मा यांच्या खर्चाचा सुमारे निम्मा भार रोग्यावर टाकण्याचे ठरविले. त्यातून त्या वर्षी सुमारे १ कोटी ३० लाख पौंड वाचायचे होते. त्याच सुमारास सरकारने तीन वर्षांसाठी ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम हाती घेतला होता. आरोग्यसेवेचे जनक अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी या आकारणीवरून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हॅरॉल्ड विल्सन हेही त्यांच्यामागे बाहेर पडले. दात कोरून पोट भरत नाही, ही आपली म्हण बेव्हनसाहेबांच्या कानी गेली असती तर त्यांनी ती पार्लमेंटात नक्की वापरली असती.

पण न्यायाने बोलायचे तर गेट्स्केल यांची अडचणही खोटी नव्हती. तिजोरीला तळ असतो. मग पैसा कोठे घालावा? याचे उत्तर पुढच्या साठ वर्षांनी दिले. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड व वेल्समधील प्रौढांपैकी ३७ टक्के लोकांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नव्हता. २००९ मध्ये इंग्लंडपुरते हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले होते. दात राखले गेले म्हणून कवळ्या कमी लागल्या. तेव्हा कवळीचा खर्च कमी करण्याचा खरा मार्ग म्हणजे दात वाचविणे. मात्र ज्याचे दात आधीच गेले, त्याला दात घासण्याचा उपदेश करून काय उपयोग? आकारणी मात्र गेली नाही. २०२५ च्या एप्रिलपासून इंग्लंडात कवळीच्या उपचाराला रोग्याने ३२६ पौंड ७० पेन्स द्यावेत असे ठरले.

आता आपल्या घरात डोकावू. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. कवळीसाठी कोणी खाटेवर झोपत नाही. केरळात 'मंदहासम्' आणि कर्नाटकात 'दंतभाग्य' या नावांनी गरीब वृद्धांना मोफत कवळी देण्याच्या योजना आखल्या गेल्या, हे स्पृहणीय आहे. आपल्याकडे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंतमहाविद्यालये आहेत. पण खेड्यातल्या म्हातारीला तेथवर पोहोचायचे कसे?

कारण चांगली कवळी एका खेपेत होत नाही. प्रथम प्राथमिक माप, मग त्या जबड्यापुरत्या केलेल्या साच्याने नेमके माप, मग दोन्ही जबड्यांचा मेळ, मग मेणात बसविलेल्या दातांची चाचणी, आणि शेवटी अ‍ॅक्रिलिकची कवळी. त्यानंतरही टोचेल तेथे घासून द्यावी लागते. प्रत्येक खेपेला एस.टी.चे भाडे, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी. कवळी फुकट असली तरी ह्या खेपा फुकट नसतात. म्हणून खेपा गाळण्याचा मोह होतो, आणि येथेच गुणवत्ता बुडते. शिवाय दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते. आज बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते. ती पुन्हा बसवून देण्याची तरतूद ज्या योजनेत नाही, ती योजना अर्धी आहे.

सुरक्षिततेचे तसेच. अ‍ॅक्रिलिक नीट शिजविले नाही तर त्यातील कच्चे द्रव्य हिरडीला जाळते. रस्त्याच्या कडेला बसणारा कारागीर झटपट घट्ट होणारे मिश्रण थेट तोंडातच चिकटवितो; त्याने शेजारचे धड दातही जातात. आपल्या देशात दंतवैद्यकाचा कायदा १९४८ मध्येच झाला, २०२३ मध्ये त्याची जागा घेणारा नवा कायदा संमत झाला. तरी ज्याला दुसरे दार उघडे नाही, तो त्या कारागिराकडेच जाणार. आणि घरची काळजीही सांगून ठेवतो. कवळी उकळत्या पाण्यात टाकू नये, ती वाकते. मोडली तर बाजारचा गोंद लावू नये. रात्री ती काढून, घासून, पाण्यात ठेवावी. जपानमध्ये ८५ वर्षांवरील वृद्धांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झोपेत कवळी घालणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

तेव्हा आमचे मागणे एवढेच आहे. सरकारने किती कवळ्या वाटल्या हा आकडा सांगू नये. सहा महिन्यांनी किती तोंडांत आहेत तो सांगावा. सर्वांत कमी दराच्या निविदेतून आलेली कवळी फडताळात पडली, तर तिचा सगळाच पैसा पाण्यात गेला. जी रोज भाकरी चावते, तीच स्वस्त.

दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात नाहीत, असे आपण हसत म्हणतो. ज्यांनी उमेदीत आपल्या वाट्याचे चणे मुलांना दिले, त्यांच्या म्हातारपणी दातांची सोय पाहणे हा उपकार नव्हे. ती परतफेड आहे. आत्याबाईंची डबी आम्ही अजून जपून ठेवली आहे. आपापल्या घरच्या फडताळात अशी एखादी डबी आहे का, एवढे आज घरी गेल्यावर आपण पाहावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.