रीत दाखवा!



शाळेच्या आठवणी सगळ्यांनी सांगितल्या. मी जरा घरातलं सांगते. आपण आता चाळिशीपार आहोत, आणि आपले सर-बाई सत्तरीच्या आसपास, म्हणून.

माझ्या आईला काचबिंदू आहे. रोज रात्री डोळ्यांत थेंब घालायचे, एवढंच पथ्य. दोन वर्षांपूर्वी तिने ते बंद केले. चार महिने आम्हाला पत्ताच नव्हता. मोबाइलवर पांढऱ्या कोटातल्या कुणीतरी सांगितलं होतं, की डोळ्यांच्या व्यायामाने काचबिंदू मुळापासून बरा होतो, थेंबांची गरज नाही. "मला नीट दिसत होतं गं," आई म्हणाली.

फसगत तिथेच होते. काचबिंदूत बहुतेकदा सुरुवातीला दुखत नाही, समोरचं स्पष्ट दिसतं. आतल्या नसेला मात्र इजा होत राहते आणि नजर कडेकडून कमी होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं की पुन्हा दिसतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब डोळ्यातला दाब कमी करून उरलेली नजर राखतात, वाढवत नाहीत. म्हणून "गुण येत नाही" असं वाटतं. आईच्या डाव्या डोळ्याची एक बाजू गेली, ती गेलीच.

तो मोबाइल मीच घेऊन दिला होता. आणि मी सॉफ्टवेअरवाली! लोक काय शेवटपर्यंत बघतात, हे यंत्र मोजतं. खरं काय, हे नाही. आईने एक व्हिडिओ पुरा पाहिला, त्याने तसेच आणखी पुढे केले. तिला वाटलं, इतके जण सांगतात म्हणजे खरंच असणार.

गणिताच्या तासाला नुसतं उत्तर लिहिलं तर सर गुण द्यायचे नाहीत. "रीत दाखव," म्हणायचे. तेच इथे विचारायचं. सांगणारा कोण, त्याचं शिक्षण काय? शेवटी काही विकतोय का? चालू औषध बंद करा म्हणतोय का? तसं म्हणत असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं.

मोठ्या नेत्ररुग्णालयांचे चांगले व्हिडिओही आहेत, जरूर बघा. पण चांगल्यात चांगला व्हिडिओसुद्धा तुमच्या डोळ्यातला दाब मोजू शकत नाही. हा आजार घराण्यात चालतो, म्हणून मी माझे डोळे तपासून घेतले. तुम्हीही घ्या. आणि आज घरी गेल्यावर आई-वडिलांना एकच विचारा, "थेंब घातले का?"