साप रुसत नाही



ज्या गावाचे दैवतच नागनाथ, त्या गावी सापाविषयी बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. नागाला हात जोडावयास आपणांस कोणी शिकवावयास नको. परंतु हात जोडणे निराळे आणि ओळखणे निराळे. ज्याला आपण पुजतो त्याला ओळखतोच असे नाही, आणि ज्याला हौसेने पाळतो त्यालाही ओळखतोच असे नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्या, पाळलेल्या सापाविषयी.

अलीकडे मोठ्या शहरांतून परदेशी साप पाळण्याची हौस वाढली आहे. त्यांत बॉल पायथन नावाच्या छोट्या अजगराला मागणी फार. २०२३ च्या डिसेंबरात मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले असे अजगर सापडले. जो प्राणी असा पुड्यात कोंबून येतो, तो पुढे खात नाही म्हणून मालकाने नवल करावे, याचेच आम्हांला नवल वाटते!

हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. लांबी साधारण चार-पाच फूट, विष नाही. दिवसा उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत राहावयाचे आणि रात्री बाहेर पडावयाचे, हा त्याचा शिरस्ता. भय वाटले की तो डोके वेटोळ्याच्या पोटात घालून चेंडूसारखा गोळा होतो. बेनीन देशातील उईदा या गावी त्याचे देऊळच आहे. तेथील लोक त्याला मारीत नाहीत. म्हणजे नागनाथाच्या गावकऱ्यांना परके वाटू नये असेच ते गाव आहे.

आता त्याच्या वागणुकीकडे वळू. पाळणाऱ्याची पहिली तक्रार अशी, की साप जेवत नाही, तो रुसला आहे. साप रुसत नाही. रुसावयास ज्या नात्याची जाणीव लागते ती त्याच्यापाशी असल्याचा पुरावा नाही. थंडीच्या दिवसांत आणि विणीच्या हंगामात निरोगी बॉल पायथनसुद्धा काही महिने अन्नाला तोंड लावीत नाही. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते, तेव्हाही तिचा उपवासच असतो. कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवर दुधी-निळसर झाक येते. त्या दिवसांत तो खात नाही आणि हात लावला तर बिथरतो. हे सारे स्वाभाविक आहे. अशा वेळी बळेच भरवू नये, तराजू घ्यावा. वजन स्थिर असेल तर चिंता नको. ते सारखे उतरत चालले तर मात्र पशुवैद्याकडे जावे.

परंतु काही वागणूक उपवासाइतकी निरुपद्रवी नसते. साप तासन् तास पाण्याच्या भांड्यात पडून राहिला तर त्याला आंघोळीची आवड आहे असे समजू नये. बहुधा अंगावर बारीक गोचिडे असतात किंवा पिंजरा फार तापलेला असतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, श्वासात शिट्टीसारखा आवाज येणे, तोंडाशी फेस दिसणे ही फुप्फुसाच्या रोगाची चिन्हे होत. मान मागे वळवून आकाशाकडे टक लावणे हे ध्यान नव्हे, मज्जासंस्थेचे दुखणे आहे. त्यामागे विषाणूचा संसर्ग असू शकतो किंवा अतिउष्णतेचा आघात. 'स्पायडर' नावाच्या नक्षीदार जातीत मात्र डोके डुलण्याचा दोष जन्मजात असतो. माणसाने नक्षी पाहून वंश वाढविला, आणि नक्षीबरोबर अंतर्कर्णातील व्यंगही वाढत गेले. लोक त्या डुलण्याला नाच म्हणतात!

असे का होते? कारण सापाला पापणी नाही, चेहऱ्यावर भाव नाही, वेदनेची हाक नाही. जेथे चेहरा बोलत नाही तेथे माणूस आपल्या मनातले बोलणे त्याच्या तोंडी घालतो. पुंगीपुढे नाग डोलतो तेव्हा तो संगीतात रमला असे आपण म्हणतो. वस्तुतः तो हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून स्वतःचा बचाव करीत असतो. नागपंचमीस तो दूध पितो, कारण गारुड्याने त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवलेले असते. आपल्या रानातले मांडूळ भ्याले की डोके लपवून बोथट शेपटी पुढे करते; आपण त्याला दुतोंडे म्हणतो, त्यातून धनलाभाच्या कथा उठतात, आणि त्या कथांपायी बिचारे पकडून विकले जाते. एक चुकीचे वाचन एका मुक्या जातीच्या जिवावर उठते ते असे.

याच देवळाची आख्यायिका आपण सर्व जाणता. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांना नामदेवांनी पाहिले आणि हा अनाचार आहे असे त्यांना वाटले. पाय उचलून जेथे ठेवावेत तेथे पिंडी दिसू लागली, तेव्हा पहिल्या दर्शनाने काढलेला अर्थ गळून पडला. पाहण्याची ही शिकवण देवापुरतीच आहे असे आम्हांला वाटत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असा प्राणी आहे त्यांनी आधी उष्णतामापक पाहावा, मग साप पाहावा. पिंजऱ्याची एक बाजू सुमारे ३१-३२ अंश आणि दुसरी २६-२७ अंश असावी, म्हणजे त्याला जागा निवडता येते. हवेत ओलावा हवा, लपावयास जागा हवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी पडते. तेव्हा कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवर चिकटून राहते. ती नखाने ओढू नये, दमट शेवाळाची डबी आत ठेवावी.

आणि अद्याप घेतलेला नाही त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. आपल्या देशातला अजगर, नाग किंवा मांडूळ घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यामुळे बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांचीही नोंद सरकारदरबारी करावी लागते. दुसरी गोष्ट आयुष्याची. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या बॉल पायथन मादीने २०२० साली सात अंडी घातली; तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे होते! हौस दोन वर्षांत ओसरते. साप तुमच्या मुलांच्या पदरात पडतो.

पुजावयास श्रद्धा पुरते. पाळावयास मात्र दररोज नीट पाहावे लागते, आणि तेवढी सवड नसेल तर सापाला त्याच्या बिळात राहू द्यावे, यातच त्याचे आणि आपले कल्याण आहे, इतकेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.