वाटणीचा प्रश्न

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



उत्सवप्रसंगी विषमतेचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आपणांपैकी बहुतेकांना गाझियाबादेस आणले ते नोकरीने, आणि नोकरीचे मोल मला बालपणीच कळले. माझे वडील मुंबईच्या गिरणगावात साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत तेही होते. त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. पुढे आईने डबे करून घर चालविले.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘समाजवादी’ हा शब्द उद्देशिकेत आला; १९९१ पासून देशाने खुल्या बाजाराची वाट धरली. त्या वाटेने संपत्ती वाढली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आपल्या मुलांच्या नोएडा-गुडगावातील नोकऱ्या त्याच वाटेवरच्या आहेत. प्रश्न वाटणीचा आहे. विकासासाठी काढल्या जाणाऱ्या गिरण्यांच्या जमिनींचे १९९१ च्याच नियमावलीने स्थूलमानाने तीन वाटे केले होते: एक उद्यान-मैदानांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब मुख्यतः आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरता उरला; गिरणी पाडून मोकळी झालेली जमीन वाटणीतून सुटली. तेथे मनोरे उभे राहिले.

आपल्या सरकारी नोकरीत निदान काही प्रमाण पाळले जाते, असे मी मानीत असे. २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाने किमान मूळ वेतन १८,००० रुपये व कमाल २,५०,००० रुपये ठरविले. म्हणजे सुमारे चौदा पट. परंतु सहाव्या आयोगानंतर ‘ड’ वर्ग ‘क’ वर्गात विलीन झाला, आणि झाडलोट व पहारा पुष्कळ कचेऱ्यांत कंत्राटदाराकडे गेला. तो पहारेकरी या चौदा पटींत मोजलाच जात नाही. अशा कंत्राटांच्या देयकांवर मी वर्षानुवर्षे सह्या केल्या आहेत. गिरणी कामगाराच्या मुलाने केल्या आहेत, हे सांगताना मला संकोच वाटतो.

उद्देशिकेतील शब्दाची राखण केवळ संसदेकडे सोपवून भागणार नाही. आपल्या वसाहतींच्या फाटकांवरही असाच कंत्राटी पहारेकरी उभा असतो. पुढच्या वेळी सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करताना, त्याला भविष्यनिर्वाह निधी आणि साप्ताहिक सुटी मिळते काय, एवढे आपण सभेत विचारावे. मासिक वर्गणी थोडी वाढेल. ती आपणांस परवडणारी आहे.