चांगल्या बाजूकडून सुरुवात
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



सिडनीत तू काय करतेस, असं कालपासून सगळे विचारताहेत. नोकरीचं सांगून झालं. आज दुसरं काम सांगते. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी घाणेरी उपटते.

हसलात ना? आपल्या शाळेमागच्या टेकडीवरची तीच घाणेरी. मधल्या सुट्टीत जिची पिकलेली काळी फळं खाऊन आपण उशिरा वर्गात यायचो आणि बाईंची बोलणी खायचो. ती मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात शोभेचं झाड म्हणून भारतात आली, तशीच ऑस्ट्रेलियातही गेली. दोन्हीकडे बागेचं कुंपण ओलांडून रानात शिरली. पाखरं फळं खाऊन बी दूरवर टाकतात आणि जाळी दाट झाली की खाली दुसरी रोपं तग धरत नाहीत.

सिडनीत वस्तीला लागून, ओढ्यांच्या काठी मूळचं रान अजून शिल्लक आहे. तिथले लोक त्याला 'बुश' म्हणतात. नगरपालिका आम्हाला हातमोजे आणि अवजारं देते, एक जाणकार सोबत असतो, बाकी आम्ही शेजारीपाजारी. लहान रोप मुळासकट उपटायचं. मोठं असेल तर बुंध्याशी कापून लगेच त्यावर तणनाशक लावायचं, नाहीतर ते पुन्हा फुटतं.

पहिल्या वर्षी मी चुकले. उत्साहाच्या भरात एका सकाळी घाणेरीची अख्खी जाळी कापून काढली. त्या जाळीत निळ्या डोक्याची इवलीशी रेन पाखरं राहत होती. त्यांना लपायला जवळपास दुसरं झुडूपच नव्हतं. पुढच्या महिन्यात गेले, तर पाखरं दिसली नाहीत आणि उघड्या पडलेल्या मातीत नवीनच तण माजलं होतं. फार वाईट वाटलं.

तेव्हा आमच्या गटातल्या एका आजींनी मला ब्रॅडली भगिनींबद्दल सांगितलं. जोन आणि आयलीन ब्रॅडली, सिडनीच्या मोसमन भागातल्या. १९६० च्या दशकात त्या घराजवळच्या रानात रोज फिरता फिरता तण उपटू लागल्या. त्यातून त्यांनी तीन नियम बांधले. जिथे रान चांगलं आहे तिथून सुरुवात करा आणि बिघडलेल्या भागाकडे सरका. माती कमीत कमी हलवा. आणि मूळची झाडं जेवढी परत येतील, तेवढंच पुढचं तण काढा. आपली ओढ नेमकी उलटी असते. आपण सगळ्यात वाईट कोपऱ्यावर आधी तुटून पडतो, दमतो आणि सोडून देतो.

कधी कधी मनात येतं, मीही परदेशातून आलेली, मग या परक्या झाडाला उपटणारी मी कोण? पण घाणेरीचा दोष नाही, तिला माणसाने तिथे नेलं. ज्या मातीत मी घर केलं, तिथलं मूळचं टिकावं म्हणून महिन्याचे दोन तास देणं, हेच मला माझं उत्तर वाटतं.

काल संध्याकाळी आपण टेकडीवर गेलो होतो. पायवाटेच्या दोन्ही अंगांना घाणेरीच घाणेरी. पण वरच्या कातळापाशी करवंदीच्या जाळ्या अजून आहेत, पाहिल्यात ना? सुरुवात तिथून करायची. मी इथे आणखी तीन आठवडे आहे. रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापाशी उभी राहीन. हातमोजे मी आणते, कोयते तुम्ही आणा. बाई, तुम्ही फक्त सावलीत बसून आमची हजेरी घ्या. या वेळी कुणी उशिरा येणार नाही.